‘बद्दल’बद्दल थोडंसं

इंग्रजीत ‘फॉर’ नावाचा एक शब्द आहे. तीन अक्षरांचा. प्राथमिक शाळेतल्या मुलालाही तो येतो. पण त्याचा नेमका अर्थ सांगा म्हटलं, तर पदवीधर माणूससुद्धा थोडा थांबतो. आमच्या पिढीतली कितीतरी माणसं तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर इंग्रजी शिकली. त्यांना विचारा. ते चटकन सांगतील, ‘फॉर म्हणजे साठी.’ ‘हे फूल तुझ्यासाठी’ इथपर्यंत ते बरोबरच आहे. पण पुढे काय? दहा रुपयांना वही घेतली, तिथंही इंग्रजीत ‘फॉर’. दोन दिवस गावाला गेलो, तिथंही ‘फॉर’. गाडी मुंबईला निघाली, ‘फॉर’. वकील पक्षकारातर्फे बोलला, ‘फॉर’. मदतीबद्दल आभार मानले, पुन्हा ‘फॉर’. इंग्रज एका शब्दावर भागवतो, आणि आपण मात्र साठी, ना, ला, तर्फे, बद्दल असे वेगवेगळे प्रत्यय आणि अव्ययं काढून बसतो. ‘दोन दिवस’ म्हणताना तर काहीच लावत नाही.

आज मला बोलायचं आहे ते अशा छोट्या शब्दांबद्दल. व्याकरणात आपण त्यांना शब्दयोगी अव्ययं म्हणतो. वाक्यात त्यांना मान नाही. नाम राजा, क्रियापद प्रधान, विशेषण भालदार. आणि हे बिचारे दारातल्या बिजागरीसारखे. बिजागरीकडे कोणी पाहत नाही. पण ती निखळली, की दार हातात येतं.

मी खडकीत राहतो. पेठांतल्या मंडळींना खडकी म्हणजे मुंबईला जाताना शिवाजीनगरनंतर लागणारं स्टेशन, दारूगोळ्याचा कारखाना आणि लष्कराची हद्द, एवढीच ठाऊक असते. पण शब्दांची हौस असलेल्या माणसाला खडकीसारखं गाव नाही. मूळ नाव खडकावरून आलेलं, साधं मराठी. इंग्रजांनी त्याचं ‘किर्की’ केलं. कॅन्टोन्मेंट बोर्डाला सरकारी मराठीत ‘कटक मंडळ’ म्हणतात, आणि लोक ‘बोर्ड’ म्हणतात. बाजारातल्या एका रांगेत मराठी, हिंदी, उर्दू आणि इंग्रजी पाट्या वाचता येतात. ‘फॉर’ हा शब्द मी पुस्तकात शिकण्याआधी इथल्याच एका भिंतीवर पाहिला असणार.

आता या ‘फॉर’ची जन्मकथा ऐका. हजारेक वर्षांपूर्वीच्या जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ होता ‘समोर’, ‘पुढे’. ‘बिफोर’मध्ये, ‘फोरहेड’ म्हणजे कपाळामध्ये तो अर्थ अजून शिल्लक आहे. मग ‘पुढे’चं ‘साठी’ कसं झालं? जो दुसऱ्याच्या पुढे उभा राहतो, तो त्याच्या वतीनं उभा राहतो. जो त्याच्या वतीनं उभा राहतो, तो त्याच्या जागी उभा राहतो. आणि ज्या गोष्टीला समोर ठेवून आपण काही करतो, त्या गोष्टीसाठी आपण ते करतो. एका उभं राहण्यातून इतके अर्थ फुटले.

हे आपल्याला फार परकं वाटायला नको. संस्कृतात ‘पुरः’ म्हणजे पुढे. त्यातूनच ‘पुरोहित’ झाला. पुरोहित म्हणजे पुढे ठेवलेला, यजमानाच्या वतीनं पुढे बसलेला. ‘पुरस्कार’ म्हणजे पुढे करणं. इंग्रजी ‘फॉर’ आणि संस्कृत ‘पुरः’ हे एकाच कुळातले, दूरचे भाऊबंद आहेत. संस्कृत, ग्रीक, लॅटिन आणि युरोपातल्या इतर भाषा एकाच मुळातून निघाल्या असाव्यात, हे विल्यम जोन्सनं १७८६ साली कोलकात्यातल्या भाषणात मांडलं. त्यानंतर विद्वानांनी अशा भाऊबंदांच्या याद्याच केल्या. म्हणजे रक्ताच्या नात्यानं पाहिलं, तर इंग्रजाचा ‘फॉर’ हा आपल्या पुरोहिताचा चुलतभाऊ निघाला! हे नातं लक्षात असू द्या. पुढे त्याचं काम आहे.

खडकीच्या इतिहासात ‘फॉर’ची मोठी परीक्षा झाली ती ५ नोव्हेंबर १८१७ रोजी. त्या दिवशी खडकी आणि गणेशखिंडीच्या परिसरात दुसऱ्या बाजीरावाची फौज आणि ईस्ट इंडिया कंपनीची फौज समोरासमोर आली. पेशव्यांच्या फौजेचे सेनापती बापू गोखले. कंपनीच्या फौजेचा प्रमुख लेफ्टनंट कर्नल बर. बाजीराव पर्वतीवरून लढाई पाहत होते. संगमावरची इंग्रजांची रेसिडेन्सी त्या दिवशी जळाली. रेसिडेंट माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन नदी ओलांडून खडकीच्या फौजेत येऊन मिळाला होता. मागं राहिलेली त्याची पुस्तकं आणि कागद जळून गेले. सगळ्यांना माहीत असलेली ही लढाई आहे. मला त्यातली एकच गोष्ट पाहायची आहे. कोण कोणासाठी लढत होतं?

कंपनीकडे सुमारे २,८०० माणसं होती, आणि त्यांतले बहुसंख्य शिपाई याच देशातले होते. पेशव्यांच्या बाजूला मराठा स्वार होते, गोसावी होते, अरब होते, आणि कवायती पायदळाची एक पलटण डी पिंटो नावाच्या पोर्तुगीज सरदाराच्या हाताखाली होती. इंग्रज इतिहासकार लिहील, अमका कंपनी ‘फॉर’ लढला, तमका पेशवा ‘फॉर’ लढला. झालं, त्याचं वाक्य पुरं झालं. मराठीत तसं नाही. मराठीत लिहायला बसलं, की निवड करावी लागते. कंपनीतर्फे लढला म्हणावं, कंपनीसाठी लढला म्हणावं, की पगाराबद्दल लढला म्हणावं? ‘तर्फे’ म्हटलं, की नुसती बाजू कळते. ‘साठी’ म्हटलं, की मन आलं. ‘बद्दल’ म्हटलं, की देणंघेणं आलं. एकेका शिपायाच्या पोटात शिरल्याशिवाय मराठी माणसाला ते अव्यय लावता येत नाही. इंग्रजीला जे सांगायची गरज पडत नाही, ते मराठी विचारून घेते.

आणि गंमत पाहा. मराठीला हा प्रश्न विचारण्याची ताकद ज्या शब्दांनी दिली, त्यांतले दोन अरबीतून आलेले आहेत. ‘तर्फे’ हा ‘तरफ’पासून, तरफ म्हणजे बाजू. आणि ‘बद्दल’ हा ‘बदल’पासून. बदल म्हणजे एकाच्या जागी दुसरं.

त्या एल्फिन्स्टनकडे पुन्हा येऊ. तो फारसी जाणणारा माणूस होता. १८१९ ते १८२७ या काळात तो मुंबईचा गव्हर्नर झाला. मराठी राज्य घेतलं, आता त्या मुलखाची भाषा कळायला हवी, अशी गरज होती. मोल्सवर्थचा प्रचंड मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला आणि त्याची वाढवलेली आवृत्ती १८५७ साली. मी बी.ए.ला मराठी घेतलं तेव्हा तो कोश पहिल्यांदा हाताळला. त्यात शब्दापुढे कंसात एखादं रोमन अक्षर असतं. संस्कृत असेल तर ‘एस’, फारसी असेल तर ‘पी’, अरबी असेल तर ‘ए’. जणू शाळेच्या दाखल्यावरची जात. आपण रोज तोंडात घोळवतो त्या शब्दांपुढे अशी अक्षरं पाहून मला त्या वयात मोठी मौज वाटली होती. पुढे पुढे वाटायला लागलं, की दाखला एवढंच सांगतो की शब्द आला कुठून. तो इथं राहून काय झाला, ते दाखल्यावर नसतं.

‘बद्दल’चं कुटुंब मोठं आहे. बदल, बदलणं, अदलाबदल, सूड या अर्थाचा बदला, आणि मोबदला हे सगळे त्याच धातूतले. आणि ‘बदली’! खडकीसारख्या छावणीच्या गावात बदली या शब्दाचं वजन काय असतं, ते बाहेरच्याला कळायचं नाही. वर्गातला मित्र अचानक दिसेनासा होई. विचारलं तर उत्तर एकच, ‘त्याच्या वडिलांची बदली झाली.’ आणि त्याच्या बाकावर दुसराच कोणी मुलगा येऊन बसे. शब्दाचा मूळ अर्थच तो, एकाच्या जागी दुसरा. मुंबईच्या गिरण्यांत कायम कामगार आला नाही की त्याच्या जागी ‘बदली कामगार’ घेत. आमच्या धर्मात ‘हज-ए-बदल’ आहे. एखादा माणूस म्हातारपणामुळे किंवा आजारामुळे हजला जाऊ शकत नसेल, किंवा हज न करताच गेला असेल, तर त्याच्या वतीनं दुसरा माणूस ती यात्रा करतो. पाय एकाचे, पुण्य दुसऱ्याचं. इंग्रजी ‘फॉर’मध्ये दुसऱ्याच्या पुढे उभं राहणं होतं, आणि इथं दुसऱ्याच्या जागी उभं राहणं आहे. एकाच कुळातले नसलेले हे दोन शब्द शेवटी एकाच ठिकाणी येऊन भेटतात.

पण मराठीत आल्यावर ‘बद्दल’ तेवढ्यावर थांबला नाही. आधी तो रोकड्या व्यवहारात बसला. कर्जाबद्दल जमीन गहाण. कामाबद्दल बक्षीस. गुन्ह्याबद्दल शिक्षा. या प्रत्येक ठिकाणी काहीतरी देऊन काहीतरी घेतलेलं आहे, तराजूची दोन पारडी दिसतात. मग तो ‘मदतीबद्दल आभार’मध्ये आला. इथं पारड्यात नुसता शब्दच टाकायचा. मग ‘त्याच्याबद्दल राग’, ‘तिच्याबद्दल माया’ झालं, आणि शेवटी ‘तुझ्याबद्दल बोलत होतो’. आता तराजू पूर्ण गेला. उरला तो फक्त संबंध.

हा शेवटचा अर्थ अरबीत नाही. उर्दूतही नाही. आमच्या घरात दखनी बोलतात. माझी आई ‘तेरे बारे में’ म्हणेल, ‘तेरे वास्ते’ म्हणेल. ‘के बदले’ म्हणेल ते फक्त मोबदल्याच्या अर्थानं. ‘आईबद्दल बोलणं’ यातला ‘बद्दल’ ना अरबस्तानात सापडेल, ना इराणात, ना लखनौत. तो मराठीत सापडतो. ‘द’ला ‘द’ जोडून त्याचा उच्चारही मराठीनंच घडवला. त्याच्या जन्मदाखल्यावर काहीही लिहिलेलं असो, तो वाढला इथं आणि त्याला आजचा अर्थ मिळाला तोही इथंच.

त्याचा जोडीदार ‘ऐवजी’. अरबी ‘इवज’ म्हणजे मोबदला, भरपाई. मराठीनं त्याचे दोन शब्द केले. ‘ऐवजी’ म्हणजे एखाद्याच्या जागी, आणि ‘ऐवज’ म्हणजे दागदागिने, पैसाअडका. चोरीच्या बातमीत ‘चोरट्यांनी इतक्या रुपयांचा ऐवज लांबवला’ असं आपण वाचतो, तेव्हा त्यात कोणाला अरबी ऐकू येतं?

‘ऐवजी’ या शब्दाचा अर्थ दगडात पाहायचा असेल, तर खडकीला या. होळकर पुलाजवळ युद्धातल्या सैनिकांची दफनभूमी आहे. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन तिची निगा राखतं. दुसऱ्या महायुद्धातल्या १,६६८ कबरी तिथं आहेत. पश्चिम आणि मध्य भारतात जिथं जिथं कबरींची कायमची देखभाल होण्याची खात्री नव्हती, तिथून त्या इथं आणल्या. आणि तिथंच पहिल्या महायुद्धाचं एक स्मारक आहे, १,८०० हून अधिक नावांचं. ही माणसं तिथं पुरलेली नाहीत. भारतात आणि आज पाकिस्तानात असलेल्या निरनिराळ्या गावांच्या, छावण्यांच्या स्मशानांत ती आहेत. त्या कबरी राखणं शक्य राहिलं नाही, म्हणून कबरींऐवजी इथं नावं कोरली. म्हणजे खडकीनं त्या सगळ्या गावांच्या वतीनं ही आठवण सांभाळली आहे. मी तिथं गेलो, की माझ्या मनात इंग्रजी शब्द येत नाही. ‘ऐवजी’ हाच येतो.

अशीच आणखी चार नावं घेतो. ‘मार्फत’. मूळ अरबी ‘मारिफत’, म्हणजे ओळख, ज्ञान. सूफींच्या वाटचालीत शरीअत, तरीकत, हकीकत यांच्या जोडीनं मारिफत येते. मारिफत म्हणजे ईश्वराची खरी ओळख. तारीफ, आरिफ हे त्याच धातूतले. असा हा थोर शब्द आपल्याकडे येऊन पाकिटावर बसला, ‘मार्फत श्री. अमुक अमुक’. हे कसं झालं? ओळखीच्या माणसाकडून काम होतं, म्हणून ओळख म्हणजेच साधन झालं. आपल्या कचेऱ्यांचा अनुभव ज्यांना आहे, त्यांना हे जास्त समजावून सांगायला नको.

‘खेरीज’ म्हणजे ‘खारिज’, बाहेर असलेला. ‘बाबत’चं मूळ ‘बाब’, म्हणजे दरवाजा. दरवाजावरून प्रकरण, प्रकरणावरून विषय. आणि ‘शिवाय’. इथं मात्र गाठ मोठी सुंदर पडली आहे. ‘नमः शिवाय’मधला शिवाय हा संस्कृत चतुर्थीचा आहे. त्याचा अर्थ ‘शिवाला’, ‘शिवासाठी’. आणि ‘तुझ्याशिवाय’मधला शिवाय हा अरबी ‘सिवा’पासून आला. त्याचा अर्थ ‘वगळून’, ‘विना’. एकच उच्चार. एकात देवाला सगळं द्यायचं, दुसऱ्यात कोणाला तरी वगळायचं. दोघंही एकाच माणसाच्या तोंडात सुखानं राहतात. देवळात पहिला म्हणून बाहेर आलेला भक्त चप्पल शोधताना दुसरा वापरतो, आणि त्याची जीभ अडखळत नाही.

हे शब्द आले कधी आणि कसे? ज्ञानेश्वरी १२९० सालची. तिच्यात ‘लागीं’ आहे, ‘कारणें’ आहे, ‘वांचूनि’ आणि ‘वीण’ आहे. १३४७ साली बहमनी राज्य स्थापन झालं आणि दख्खनमध्ये फारसी ही दरबाराची भाषा झाली. पण दरबार म्हणजे काही गाव नव्हे. गावाचा हिशेब कुलकर्णी, देशपांडे यांच्याच हाती राहिला, आणि तो त्यांनी मोडीत लिहिला. विजापूरच्या पहिल्या इब्राहिम आदिलशहानं, ज्याची कारकीर्द १५३४ ते १५५८ अशी होती, महसुलाचे हिशेब फारसीऐवजी देशी भाषेत ठेवण्याची पद्धत सुरू केली. त्यामुळे एका मांडीवर फारसी कागद आणि दुसऱ्या मांडीवर मराठी कागद घेऊन बसलेला कारकून तयार झाला. संत एकनाथ सोळाव्या शतकातले. त्यांचे गुरू जनार्दनस्वामी देवगिरीचे किल्लेदार. नाथांनी कचेरीतल्या अर्जाचाच घाट घेऊन ‘अर्जदस्त’ रचली, आणि ती ऐकणाऱ्याला कळत होती. म्हणजे तोवर हे शब्द अंगणापर्यंत पोचले होते.

पुढे त्यांचा भार झाला, हेही खरं आहे. इतिहासाचार्य राजवाड्यांनी १६२८, १६७७ आणि १७२८ या सालांची तीन पत्रं घेऊन त्यांतले शब्द मोजले होते. पहिल्यात फारसी शब्दांचीच गर्दी, मराठी शब्द त्यात शोधावे लागतात. शिवकाळातल्या पत्रात ते प्रमाण बरंच उतरलं. १७२८च्या पत्रात मूठभर राहिले. या उताराला एक कारण होतं. शिवाजी महाराजांनी रघुनाथपंतांकडून ‘राजव्यवहारकोश’ करवून घेतला, सुमारे १६७७ साली. सुमारे १,४०० फारसी आणि दखनी शब्दांना त्यात संस्कृत प्रतिशब्द दिले. मी मुसलमान आहे म्हणून मला त्या कोशाचा राग यावा, अशी काहींची अपेक्षा असते. मला तो येत नाही. आपल्या राज्याचा कागद आपल्या रयतेला कळावा, राज्याला स्वतःची वाणी असावी, ही इच्छा कोणाही स्वाभिमानी माणसाची असते.

पण त्या कोशाचे वर्ग पाहा. राजवर्ग, भोग्यवर्ग, शस्त्रवर्ग, दुर्गवर्ग, लेखनवर्ग. ही सारी पदांची, वस्तूंची, कामांची नावं. नाव बदलता येतं. पेशव्याला पंतप्रधान म्हणता येतं. पण ‘बद्दल’, ‘शिवाय’, ‘ऐवजी’ हे नावांमध्ये मोडत नाहीत, ते बिजागरीत बसलेले असतात. ते तसेच राहिले.

विसाव्या शतकात सावरकरांनी भाषाशुद्धीची चळवळ केली. तिच्यातून ‘तारीख’च्या जागी ‘दिनांक’ रूढ झाला. त्याच काळातली एक व्यक्ती मला कायम ओढ लावते, ती म्हणजे माधव जूलियन, माधवराव पटवर्धन. हा माणूस फारसीचा प्राध्यापक. १९२५ साली त्यांचा फारसी-मराठी कोश निघाला. मराठीत गझल आणि रुबाई रुजवली ती त्यांनी, ‘गज्जलांजलि’ त्यांचीच. उमर खय्याम त्यांनी मराठीत आणला. आणि पुढे हेच माधवराव भाषाशुद्धीचे कट्टर पुरस्कर्ते झाले. ‘भाषाशुद्धि-विवेक’ हे त्यांचं पुस्तक १९३८ सालचं. मराठीत गझल लिहिणारा मी, म्हणजे एका अर्थी त्यांच्याच घरचा. त्यांनी दार उघडलं आणि आत आलेल्यांतल्या काहींना पुन्हा बाहेर जायला सांगितलं. त्यांच्याशी मनातल्या मनात माझा वाद चालू असतो, पण तो घरातल्या वडीलधाऱ्यांशी घालतात तसा.

मग महाराष्ट्र राज्य झालं. १९६० साली भाषा संचालनालय आलं, १९६४ साली राजभाषा अधिनियम आला. कचेरीतल्या पदांना नवी संस्कृत नावं मिळाली. आज कुठलंही सरकारी पत्र हातात घ्या. वर लिहिलेलं असतं ‘दिनांक’. तारीख गेली. पण त्याच्या खालची ओळ वाचा. ‘विषय : अमुक अमुक योजनेस मंजुरी देण्याबाबत.’ बाबत! शासन निर्णयांच्या ढिगात हा ‘बाबत’ ठाण मांडून बसला आहे. त्याला कोणी मुद्दाम ठेवलेलं नाही. तो परका आहे, हे कोणाच्या लक्षातच आलं नाही, म्हणून तो राहिला. माझ्या मते एखाद्या शब्दाला मिळालेलं सर्वांत मोठं नागरिकत्व ते हेच.

याच्याशी ताडून पाहण्यासारखी एक गोष्ट इंग्रजीच्या इतिहासात आहे. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं. त्यानंतर फ्रेंचमधून इंग्रजीत हजारो शब्द आले. न्यायालयाचे, दरबाराचे, जेवणाच्या टेबलावरचे. पण ‘फॉर’, ‘विथ’, ‘इन’, ‘ऑन’ हे रोजचे छोटे शब्द जुनेच राहिले. उलट त्याआधी दोनेकशे वर्षं डेन्मार्क-नॉर्वेकडचे लोक इंग्लंडच्या उत्तरेत येऊन शेती करू लागले होते, सोयरिकी करू लागले होते. त्यांच्याकडून इंग्रजीनं ‘टिल’ घेतला, म्हणजे ‘पर्यंत’. ‘दे’ म्हणजे ‘ते’ हे सर्वनामही त्यांचंच. नुसत्या राज्यकर्त्याकडून बहुतेक नामंच मिळतात. छोटे शब्द जास्त करून अशांकडून येतात, ज्यांच्याशी बांधाला बांध असतो, ज्यांच्याकडे मीठ-साखर मागायला जावं लागतं.

खडकीचा पुरावाही तेच सांगतो. इथं इंग्रजांचं लष्कर १८१७पासून १९४७पर्यंत होतं. त्यांनी आम्हाला बंगला नव्यानं शिकवला, बराक दिली, स्टेशन, बॅंड, परेड, पेन्शन दिली. नामांची रांगच्या रांग दिली. पण मराठीत मिसळून जाईल असं एक शब्दयोगी अव्यय त्यांच्याकडून आलं नाही. ‘व्हाया लोणावळा’ म्हणतो आपण, ‘पर किलो’ म्हणतो. पण ते शब्द नामाच्या पुढे पाहुण्यासारखे उभे राहतात, नामाला हात लावत नाहीत. ‘फॉर’ तर दुकानाच्या पाटीवरून खाली उतरलाच नाही. रक्ताच्या नात्यानं तो आपल्या ‘पुरः’चा भाऊबंद होता, हे मघाशी आपण पाहिलं. आणि ‘बद्दल’चं मराठीशी रक्ताचं काहीच नातं नव्हतं. तरी घरात राहिला तो ‘बद्दल’. कारण तो तलवारीच्या टोकावर आलेला नव्हता. कोणत्याही सुलतानानं फर्मान काढलं नव्हतं की आजपासून ‘बद्दल’ म्हणा. तो मराठी कारकुनांनी, सावकारांनी, बाजारातल्या बायाबापड्यांनी, दखनी बोलणाऱ्या शेजाऱ्यांशी बोलता बोलता आपणहून उचलला.

मिसळून जाणं म्हणजे काय, तेही व्याकरणच सांगतं. शब्दयोगी अव्यय लागण्याआधी मराठी नाम आपलं रूप थोडं बदलतं. त्याला सामान्यरूप म्हणतात. माणूस, पण माणसाबद्दल. पाणी, पण पाण्याशिवाय. घोडा, पण घोड्याऐवजी. मूळचा अरबी शब्द आला, आणि मराठी नाम त्याच्यासाठी जरासं झुकलं. आणि तो शब्द? त्यानंही आपली जागा सोडली. अरबी-फारसीत असे शब्द नामाच्या आधी येतात. इथं आल्यावर तो नामाच्या मागे जाऊन उभा राहिला, कारण मराठीची रीत तशी आहे. दोघंही आपापल्या जागेवरून थोडे हलले, म्हणून जोड बसला.

बऱ्याच वर्षांपूर्वी एका मासिकाकडे मी आईवर लिहिलेली कविता पाठवली होती. छापून आली तेव्हा ‘आईबद्दल’च्या जागी ‘आईविषयी’ झालेलं होतं. संपादकांनी सद्भावनेनं केलं असेल. बद्दलच्या मात्रा चार, विषयीच्याही चार, त्यामुळे वृत्ताला धक्का लागला नाही. पण माझा अर्थ गेला. आईविषयी मी काही सांगत होतो हे खरं, पण आईनं जे दिलं त्याच्या बदल्यात माझ्याजवळ फक्त ही ओळ आहे, हेही मला म्हणायचं होतं. ‘बद्दल’मध्ये ते दोन्ही होतं. ‘विषयी’ चांगला शब्द आहे, मीही वापरतो. त्यात विषय मावतो, पण ऋण मावत नाही.

कार्यक्रमांतून अजूनही कोणी प्रेमानं विचारतं, ‘तुमचं मराठी इतकं चांगलं कसं?’ विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. मी हसून त्यांच्या कौतुकाबद्दल आभार मानतो. त्या आभाराच्या वाक्यात जो शब्द मला आणि त्यांना जोडतो, तो कुठून आला हे त्यांना त्या क्षणी ठाऊक नसतं, आणि मी सांगतही नाही. सांगायची गरज पडू नये, असंच मला वाटतं. उद्या ते घरी जाऊन कोणाला तरी म्हणतील, ‘काल एका कवीबद्दल सांगायचं राहिलं.’ मराठीत माझी जागा आहे की नाही, या प्रश्नाचं उत्तर त्यांच्या त्या वाक्यातच असेल.